गप्प केलेला इशारा

कंपनीत तिला सगळे मावशी म्हणत. प्रेमानं नव्हे. पन्नाशी ओलांडलेली बाई कॉम्प्युटरच्या पार आतड्यात हात घालून काम करते, हे तिथल्या तिशीतल्या लोकांना पचत नव्हतं. म्हणून त्यांनी एक नातं चिकटवून टाकलं आणि विषय मिटवला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तिनं चांगली चाललेली नोकरी सोडली होती. अकरा वर्षं त्यांचं सगळं केलं आणि त्या गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात इथे अर्ज टाकला. मुलाखतीत तिला विचारलं गेलं, मधल्या अकरा वर्षांत काय केलंत? "एका माणसाला जगवलं," ती म्हणाली. मुलाखत घेणाऱ्यानं कागदावर 'खंड' असं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

कंपनी एकच वस्तू बनवायची: दवाखान्यांत काढलेले एक्स-रे साठवून ठेवणारी पेटी. बुटांच्या खोक्याएवढी, काळी, पुढे दोन हिरवे दिवे. आत एक छोटा कॉम्प्युटर आणि चार डिस्क. एक्स-रे काढला की तो पेटीत जाणार, डॉक्टरांनी मागितला की पेटीतून त्यांच्या पडद्यावर येणार. काम एवढंच. या एवढ्याशा कामाबद्दल कंपनीच्या दारावर 'आरोग्यसेवेचं भविष्य' अशी हातभर उंच अक्षरं लावलेली होती.

एक्स-रे दाबून लहान करायचा आणि डिस्कवर लिहायचा, हे काम करणारा मुख्य प्रोग्राम आचार्यांनी लिहिला होता. आचार्य म्हणजे कंपनीचे मुख्य रचनाकार. हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते माहीत नाही. ते थट्टेनं ठेवलं असावं, असा संशय मात्र त्यांना कधी आला नाही. काचेच्या केबिनमध्ये बसायचे. कुणी शंका घेऊन गेलं की पेन खाली ठेवून म्हणायचे, आधी मूळ तत्त्व समजून घ्या. मूळ तत्त्व ऐकून माणूस बाहेर यायचा तेव्हा शंका होती तिथेच असायची, फक्त ती पुन्हा विचारायची हिंमत गेलेली असायची.

पेटी अडकायला लागली ती एका मोठ्या रुग्णालयात. तिथल्या एक्स-रे विभागाच्या तंत्रज्ञ बाई फोनवर मोजकं बोलत आणि जे बोलत ते ऐकवत नसे. "तुमची पेटी पुन्हा मेली," एवढंच सांगायच्या. मेली म्हणजे काय, असं विचारलं की कळायचं की दिवे हिरवेच आहेत, पण एक्स-रे आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. हे व्हायचं सकाळी साडेदहा-अकराला, रांग जिन्यापर्यंत पोचलेली असताना. मग बाई मागचं बटण दाबून पेटी बंद करायच्या, पुन्हा चालू करायच्या आणि पेटी काही झालंच नाही अशा थाटात चालायला लागायची. फक्त शेवटच्या काही मिनिटांतले एक्स-रे गेलेले असायचे. ज्यांचे गेले त्यांना पुन्हा आत बोलवायचं, पुन्हा टेबलावर चढवायचं. त्यात खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या. त्यांना दोनदा चढवावं लागलं. बाईंनी हे एका वाक्यात सांगितलं आणि फोन ठेवला.

पहिल्या तक्रारीचं खापर आचार्यांनी रुग्णालयाच्या विजेवर फोडलं. दुसरीचं तारांवर. तिसरीचं तिथल्या माणसांवर, कारण त्यांना यंत्र हाताळायची अक्कल नाही. चौथ्या तक्रारीनंतर ते निदान पेटीच्या जवळपास आले. मेमरी कमी पडतेय, म्हणाले, दुप्पट करा. मेमरी दुप्पट केली. आधी दर पाच दिवसांनी अडकणारी पेटी आता दर नऊ दिवसांनी अडकायला लागली. पुढच्या बैठकीत आचार्यांनी आलेख दाखवला: स्थैर्यात ऐंशी टक्के वाढ. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. आलेखातली रेघ वर जाताना दिसली की ते टाळ्या वाजवत. ती कशाची आहे, हे बघण्याची त्यांना सवय नव्हती.

मावशीनं त्या बैठकीत एकच विचारलं. मेमरी दुप्पट केल्यावर पेटी उशिरा अडकते, हे ठीक. पण अडकायची थांबत का नाही? आचार्य तिच्याकडे बघून हसले आणि हा विषय जरा खोल आहे, असं म्हणून पुढच्या आलेखाकडे वळले.

तिनं पेटीतल्या नोंदी मागवल्या. अडकण्याआधीच्या नोंदी अगदी साध्या, रोजच्यासारख्या आणि मग एकदम काहीच नाही. यावरून आचार्यांनी निष्कर्ष काढलेला होता की नोंदीत दोष नाही, म्हणजे आपल्यात दोष नाही. त्या नोंदी त्याच डिस्कवर लिहिल्या जात होत्या. डिस्कवर लिहिणंच थांबलं, तर ते थांबल्याची नोंद होणार कुठे? हे कळायला आचार्य असावं लागत नाही. कदाचित नसावंच लागतं.

मग ती लॅपटॉप आणि एक तार घेऊन स्वतःच रुग्णालयात गेली. पेटीच्या मागे एक जुनाट पोर्ट, म्हणजे तार खोचायची जागा, होतं. दिसायला ओंगळ म्हणून पुढच्या मॉडेलमधून ते काढायचं ठरलं होतं. त्यातून पेटी आपलं म्हणणं डिस्कला न विचारता थेट तारेवर पाठवू शकायची. एक्स-रेच्या खोलीमागे एक अडगळीची खोली होती. शिशाचे जुने एप्रन, एक चाक नसलेली व्हीलचेअर, भिंतीवर रंगाचे पोपडे आणि फळीवर ती पेटी. मावशी व्हीलचेअरवरच बसली.

तंत्रज्ञ बाई दारात उभ्या राहिल्या. पन्नाशीच्याच, केस घट्ट बांधलेले.

"बटण दाबायला आता माणूस पाठवायला लागले का?"

"या वेळी बटण दाबायचं नाही," मावशी म्हणाली. "मला ती अडकलेलीच बघायची आहे."

"बाहेर लोक कण्हत बसलेले असतात."

"किती वेळ देऊ शकाल?"

बाईंनी विचार केला. "सात मिनिटं."

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी अकराला दहा कमी असताना डिस्कची घरघर बंद पडली. मावशीनं नेटवर्कवरून पेटीला हाक मारली. पेटीनं ओ दिली. साधी एक आज्ञा दिली, तर पेटी गप्प. आचार्यांच्या हाताखाली तयार झालेल्या वस्तूकडून यापेक्षा वेगळी अपेक्षा नव्हतीच. मग तिनं कळफलकावर तीन कळा एकदम दाबल्या. या कळांना ऑपरेटिंग सिस्टीमचा अगदी आतला गाभा थेट उत्तर देतो, बाकी सगळं ठप्प असलं तरी. कोणतं काम प्रोग्रामच्या कुठल्या ओळीवर कशाची वाट बघत उभं आहे, याची यादी तारेवरून सरकायला लागली. सहा मिनिटं ती सरकत होती. सातवं मिनिट भरलं आणि बाईंनी न विचारता येऊन बटण दाबलं. मावशीनं हरकत घेतली नाही. यादी पुरती आली होती.

रुग्णालयाच्या जिन्यात बसून तिनं ती वाचली आणि दुसऱ्यांदा वाचायची गरजच पडली नाही. पेटीत एक्स-रे येतात ते आधी मेमरीत. मेमरी भरत आली की ऑपरेटिंग सिस्टीम ती रिकामी करायला निघते. त्यासाठी मेमरीतले एक्स-रे डिस्कवर लिहायचे. लिहायचं काम आचार्यांच्या प्रोग्रामचं. तो प्रोग्राम एक्स-रे दाबून लहान करायला म्हणून थोडी मेमरी मागतो. मेमरी भरलेली. मग त्याला सांगितलं जातं, थांब, एक्स-रे डिस्कवर लिहून झाले की जागा होईल, मग देतो. लिहिणारा तोच. म्हणजे तो स्वतःचंच काम संपायची वाट बघत उभा आणि त्याच्यामागे सगळी पेटी उभी. मेमरी कितीही वाढवली तरी हा क्षण फक्त लांबतो, टळत नाही. ऐंशी टक्के स्थैर्य.

घरी आली तेव्हा नणंद चहाला आलेली होती. खालच्याच मजल्यावर राहायची आणि वहिनीनं या वयात नोकरी धरली, हे तिला पहिल्या दिवसापासून खुपत होतं. आज काय दिवे लावलेत, असं तिनं विचारलं. मावशी खुशीत होती, म्हणून तिनं समजावून सांगितलं. खरकट्या भांड्यांनी ओटा भरलाय. तो रिकामा करायचा तर भांडी घासायला हवीत. पण घासायला भांडं टेकवायचं कुठे, तर ओट्यावरच.

"मग आधीपासून एक कोपरा मोकळा ठेवायचा," नणंद म्हणाली. "यासाठी एवढं शिकलात?"

"मला माहितीये, वन्सं. ज्यांना माहीत नाही त्यांना पगार जास्त आहे."

अहो वर्तमानपत्राआडून हसले. नणंदेनं बोलून मोठा शोध लावून दिला, असं कुणी समजू नये. कोपरा मोकळा ठेवायचा असतो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. तो ठेवलेला नव्हता एवढंच. का नव्हता, हे मावशीला शोधायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रोग्रामचा सगळा इतिहास उकरला. मेमरी मागताना प्रत्येक मागणीसोबत एक सूचना द्यावी लागते: गरज पडली तर डिस्ककडे जाऊन जागा करा, किंवा काहीही झालं तरी डिस्ककडे वळू नका. डिस्कवर लिहिणाऱ्यानं नेहमी दुसरीच द्यायची असते. आचार्यांच्या आठ वर्षांपूर्वीच्या मूळ कामात ती प्रत्येक ठिकाणी नीट दिलेली होती. हे खरंच चांगलं होतं आणि मावशीनं ते मनात कबूलही केलं. पण दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक्स-रे जास्त लहान करण्यासाठी बाहेरची एक तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला प्रोग्रामचा तुकडा, आणून मध्ये बसवली. ती लायब्ररी सर्वसाधारण कामांसाठी लिहिलेली. आपण डिस्कच्या वाटेवर उभे आहोत, हे तिला कुणी सांगितलंच नाही. ती बिनधास्त पहिली सूचना देऊन मेमरी मागत होती.

इथपर्यंत चूकच म्हणता आली असती. चुका सगळ्यांच्या होतात. पण चाचणीच्या वेळी ऑपरेटिंग सिस्टीमनं हे पकडलं होतं. कोण कुणासाठी थांबतं यावर लक्ष ठेवणारा एक पहारेकरी तिच्यात असतो. त्यानं स्वच्छ इशारा छापला होता: ही वाट फिरून स्वतःवरच येऊ शकते, हे काम स्वतःचीच वाट बघत अडकू शकतं. इशारा आला त्याच दुपारी कुणीतरी त्या पहारेकऱ्यालाच बंद केलं होतं. सोबत शेरा होता: 'अनावश्यक इशारा. गप्प केला.' खाली आचार्यांचं नाव, तारीख आणि वेळ. वेळ जेवणाच्या सुट्टीआधी चार मिनिटांची.

बैठकीत तिनं यादी दाखवली, ती फिरून स्वतःवर येणारी वाट दाखवली आणि शेवटी तो शेरा दाखवला. आचार्यांनी पेन खाली ठेवलं. त्या काळच्या संदर्भात तो निर्णय योग्यच होता, असं ते म्हणाले. कुठला काळ आणि कसला संदर्भ, ते त्यांनी सांगितलं नाही. मावशीचा उपाय फार मोठा नव्हता. लिहिण्याच्या वाटेवर पाऊल टाकताच कामानं स्वतःवरच एक खूण करायची: मी बाहेर पडेपर्यंत माझ्या नावानं कुणीही मेमरी मागितली, तरी डिस्ककडे वळायचं नाही. मग मध्ये कुणाचीही लायब्ररी येवो, तिला वेगळं सांगायला नको. आणि पेटी सुरू होतानाच थोडी मेमरी राखून ठेवायची, फक्त या लिहिण्यासाठी. काहीच मिळालं नाही तरी एक एक्स-रे लिहून पुरा होईल, तो झाला की जागा होईल आणि गाडं पुढे सरकेल. सगळं मिळून चाळीसेक ओळी. तिनं पेटीची मेमरी मुद्दाम भरून बघितलं होतं. आधीची पेटी चार मिनिटांत अडकली. बदललेली रात्रंदिवस हळूहळू का होईना, पण चालत राहिली.

आचार्यांना चाळीस ओळींचा उपाय कमीपणाचा वाटला. त्यांनी दुसरा सुचवला. पेटीत एक राखणदार बसवायचा. पेटी दीड मिनिट अडकलेली दिसली की तो ती आपोआप बंद करून पुन्हा चालू करेल. माणसाला बटण दाबायला नको. संचालकांचा चेहरा उजळला. याला जाहिरातीत 'स्वयंदुरुस्ती' म्हणता येणार होतं. मावशी म्हणाली की बंद होताना एक्स-रे जातील ते जातीलच, उलट आता गेलेले कुणाला कळणारही नाहीत. तिचा बदल पुढच्या तिमाहीत विचारात घेऊ, असं ठरलं. स्वयंदुरुस्ती त्याच आठवड्यात पाठवली गेली.

आणि तक्रारी शून्यावर आल्या. आचार्यांनी आलेख केला.

तीन आठवड्यांनी तंत्रज्ञ बाई स्वतः कंपनीत आल्या. सोबत रुग्णालयाच्या शिक्क्याचा कागद. त्यांनी मावशीचं नाव सांगून चौकशी केली, पण मावशीनं त्यांना आपल्या जागेवर न बसवता थेट संचालकांच्या खोलीत नेलं. आचार्य तिथेच होते. बाईंनी कागद टेबलावर ठेवला. चौदा माणसांचे एक्स-रे काढले गेले, पण पेटीत नव्हते. त्यातल्या एकाचं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांच्या पडद्यावर त्याचा त्या दिवशीचा एक्स-रे नव्हता, त्याच मनगटाचा गेल्या वर्षीचा होता. त्यांनी तोच बघितला आणि हाड ठीक आहे म्हणून माणसाला घरी पाठवलं. तो रंगारी होता. त्याच हातानं तो पाच दिवस शिडीवर चढून काम करत राहिला.

"ही पेटी आपल्या मनानं बंद होते आणि चालू होते, हे तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"ती सुविधा आहे," आचार्य म्हणाले.

"कुणाची?"

आचार्यांनी संचालकांकडे बघितलं. संचालकांनी कागदावरच्या शिक्क्याकडे. खाली 'प्रत रवाना' असं लिहून तीन सरकारी खात्यांची नावं दिलेली होती. पुढची तिमाही त्याच दुपारी उगवली. संध्याकाळच्या आत मावशीच्या चाळीस ओळी पेटीत गेल्या आणि राखणदार काढला गेला. चार दिवसांत त्या गावोगावच्या सगळ्या पेट्यांत गेल्या. पेटी अडकायची थांबली. नऊ दिवस झाले, नव्वद झाले. तंत्रज्ञ बाईंनी आभाराचा फोन वगैरे केला नाही. त्या रंगाऱ्याचं मनगट थोडं वाकडंच जुळलं, हे मावशीनं आपणहून फोन करून विचारलं तेव्हा कळलं.

पावसाळा संपता संपता आचार्यांनी एका परिषदेत भाषण दिलं. विषय होता 'मेमरी आणि साठवणीतली कोंडी: आमचा अनुभव'. 'आमचा' हा शब्द त्यांनी फार सढळ हातानं वापरला. मावशीचे आभार शेवटच्या पानावर होते, चहा देणाऱ्या आयोजकांच्या वर. भाषणासाठी चित्रं काढून द्याल का, असं त्यांनी तिला विचारलं होतं. तिनं नाही म्हटलं होतं, कारण न देता.

संचालकांनी तिला वरचं पद देऊ केलं. ते घेताना तिनं एकच अट घातली. पहारेकरी आता चालू आहे आणि चालूच राहील. त्याचा कुठलाही इशारा गप्प करायचा असेल तर दोन सह्या लागतील, त्यातली एक तिची. संचालकांना आपण स्वस्तात सुटलो असं वाटलं आणि त्यांनी अट लगेच मान्य केली.

पहिला कागद घेऊन आले ते आचार्यच. नवीन मॉडेलच्या चाचणीत एक इशारा येत होता आणि तो अगदीच किरकोळ आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. कागद पुढे सरकवून त्यांनी सहीची जागाही बोटानं दाखवली. मावशीनं चष्मा लावला आणि इशारा वाचला. मग समोरची खुर्ची पुढे ओढली.

"बसा," ती म्हणाली. "हा काय म्हणतोय, ते आधी तुमच्या तोंडून सांगा."

आचार्य उभेच राहिले. मूळ तत्त्वाबद्दल काहीतरी बोलायला लागले. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा खुर्चीकडे हात केला. तिच्या नव्या केबिनच्या काचेपलीकडे दोघंतिघं काम थांबवून बघत होते. शेवटी ते बसले. पहिल्या दोन ओळी त्यांनी भराभर वाचल्या, तिसरीवर अडखळले आणि चौथीवर गप्प झाले. मग खिशातून स्वतःचा चष्मा काढून पहिल्यापासून वाचायला लागले, या वेळी हळू. चाळीस मिनिटं लागली. सही झाली नाही.